मोठी गाडी : आधी आकार, मग थाट

बैलगाडी घ्यावयाची झाली म्हणजे आमच्या भागातील जुनी माणसे प्रथम आख तपासीत, मग चाकाच्या आऱ्या ठोकून पाहत आणि धाव नीट बसली आहे की नाही याची खात्री करून घेत. गाडीला रंग कोणता दिला आहे, बैलांच्या गळ्यात घुंगरांची माळ कशी शोभेल, हा विचार शेवटी येई. शेतीसाठी गाडी हवी की माणसे नेण्यासाठी दमणी हवी, हा प्रश्न तर सुताराच्या दारी जाण्यापूर्वीच घरात सुटलेला असे. आज बैलगाडीची जागा जीपवजा मोठ्या मोटारीने घेतली आहे. किंमत शेकडो पटींनी वाढली आहे. पण निवड करण्याची ही शहाणी रीत मात्र मागे राहिली आहे. आधी घुंगरू पाहावयाचे आणि मग आख, असा आपला उलटा क्रम झाला आहे.

गेल्या पावसाळ्यात मुधोळला एका स्नेह्यांकडे मुक्कामाला होतो. गोदावरीच्या अलीकडचे हे गाव. एका अंगाला बासर, दुसऱ्या अंगाला भैंसा. पूर्वी हा मुलूख आदिलाबाद जिल्ह्यात होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये निर्मल जिल्हा झाला तेव्हापासून तो त्यात मोडतो. घराघरातून मराठी आणि तेलुगू दोन्ही भाषा नांदतात, आणि सोयरीक नांदेड-धर्माबादेकडे असल्यामुळे माणसांची ये-जा राज्याच्या सीमेला फारशी जुमानीत नाही. आमच्या स्नेह्यांचे घर नऊ माणसांचे. आई ऐंशीच्या घरातील, दोघे भाऊ, दोघी जावा, चार मुले. काळ्या जमिनीत कापूस आणि सोयाबीन. जुनी जीप थकली होती, म्हणून नवी मोठी गाडी घेण्याचे ठरले होते आणि ओसरीवर माहितीपत्रकांचा ढीग पडला होता.

थोरल्या भावाचे म्हणणे, नऊ माणसे आहेत तर नऊ आसनांचीच गाडी हवी. मग ती सर्वांत खालच्या दर्जाची का असेना. धाकट्याचे म्हणणे, घ्यावयाची तर टॉप मॉडेलच घ्यावी, मग ती थोडी लहान का असेना. छताला काच हवी, पुढे मोठा पडदा हवा. दोघांचा वाद चार दिवस चालला होता. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आले की, हे दोघे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे देत नसून दोन निराळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत. गाडी केवढी असावी हा एक प्रश्न. तिच्यात काय काय असावे हा दुसरा. पहिला प्रश्न माणसांना आणि सामानाला विचारावयाचा असतो, दुसरा गाठीच्या पैशाला आणि जिवाच्या सुरक्षिततेला. दोन्हींची गल्लत झाली की विक्रेत्याचे फावते.

प्रथम आकाराचा विचार करू. आपल्या देशात मोटारीची लांबी अभियंत्याने जितकी ठरविली आहे, तितकीच ती करवसुलीनेही ठरविली आहे. २००६ सालच्या अर्थसंकल्पात लहान मोटारींना उत्पादनशुल्कात सवलत मिळाली. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० घन सेंटीमीटरपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० पर्यंत, अशी लहान मोटारीची व्याख्या झाली. पुढे वस्तू व सेवा कर आला तरी ही रेषा तशीच राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या रेषेच्या आतील गाडीवर १८ टक्के आणि बाहेरील गाडीवर ४० टक्के कर आहे. हिशेबासाठी दहा लाख मूळ किमतीच्या दोन गाड्या घ्या. एक ११ लाख ८० हजारांना पडते, दुसरी १४ लाखांना. दोन लाख वीस हजारांचे हे अंतर केवळ त्या रेषेचे आहे; शिवाय राज्याचा आजीवन कर या वाढीव किमतीच्या मानाने बसतो तो निराळाच.

या रेषेचा परिणाम किती खोल गेला आहे, हे बोलेरो गाडीवरून दिसते. २००० साली बाजारात आलेली ही गाडी पुढे ४१०७ मिलीमीटर लांब होती. २०१६ साली तिची लांबी ३९९५ मिलीमीटरवर आणण्यात आली आणि इंजिन १४९३ घन सेंटीमीटरचे बसविण्यात आले. म्हणजे चार मीटरच्या रेषेआत अवघे पाच मिलीमीटर राखून ती उभी राहिली. खेड्यापाड्यांतून ही गाडी आजही दिसते त्याचे एक कारण तिचा दणकटपणा आहे आणि दुसरे हे पाच मिलीमीटर आहेत.

आता लांबी वाढते तेव्हा ती नेमकी कोठे वाढते, हे पाहिले पाहिजे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर हा गाडीचा खरा पाया होय. बोलेरो निओ ३९९५ मिलीमीटर लांब आहे आणि तिचे हे अंतर २६८० मिलीमीटर आहे. एप्रिल २०२४ मध्ये आलेली नऊ आसनी बोलेरो निओ प्लस ४४०० मिलीमीटर लांब आहे, पण चाकांतील अंतर तेच, २६८०. स्कॉर्पिओ क्लासिक ४४५६ मिलीमीटर लांब आणि तिचेही अंतर २६८०. याचा अर्थ असा की, निओ प्लसला मिळालेली हातभरापेक्षा थोडी कमी अशी ही ४०५ मिलीमीटरची वाढ दोन चाकांच्या मध्ये पडलेली नाही; ती मुख्यतः मागच्या चाकांच्या पलीकडे आली आहे. बैलगाडीच्या साटीच्या अगदी टोकाला जो बसला आहे, त्यालाच याचा खरा अर्थ कळेल. मध्ये बसलेल्याला झोला लागतो, टोकाच्या माणसाला उसळी बसते. शिवाय मागच्या आखाच्या पलीकडे वजन वाढले की पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणूची पकड सैल पडते.

नऊ माणसे सरासरी ६५ किलोंची धरली तरी ५८५ किलो भरतात. त्यावर लग्नाचे सामान म्हणून टपावर कॅरिअर भरला, तर गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती कलंडण्याची भीती वाढते. आसने किती आहेत हे पाहून भागत नाही; एवढे वजन ओढण्याची आणि थांबविण्याची तिची शक्ती किती, हेही माहितीपत्रकात पाहावे लागते.

आसनांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मागच्या भागात समोरासमोर मांडलेले आडवे बाक असतात, तेथे दाटीवाटीने चार माणसे बसतात आणि कागदावर आसनसंख्या नऊ होते. परंतु मोटारीचा पट्टा काय, हवेची पिशवी काय, ही साधने मुळात प्रवासाच्या दिशेला तोंड करून बसलेल्या माणसासाठी कल्पिलेली असतात. गाडी एकाएकी थांबली तर आडव्या बाकावरचे माणूस कुशीवर फेकले जाते. त्याला धरून ठेवील असे तेथे फारसे काही नसते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. गाडी अत्यंत महागडी होती. पण ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. मागे बसणाऱ्याला पट्टा कशाला, या आपल्या समजुतीवर त्या दिवशी सगळ्या देशाने विचार केला. आडव्या बाकावर तर हा विचार करण्याचीही सोय नाही.

उलट, पुढे तोंड असलेली तिसरी रांग सर्वच गाड्यांत सारखी ऐसपैस असते असेही नाही. पुण्यास तयार होणाऱ्या हॅरिअर आणि सफारी या सख्ख्या बहिणी. दोघींच्या चाकांतील अंतर २७४१ मिलीमीटर. सफारी केवळ ६३ मिलीमीटर अधिक लांब आहे, आणि तेवढ्यात तिने तिसरी रांग सामावून घेतली आहे. चाकणला तयार होणारी स्कॉर्पिओ एन ४६६२ मिलीमीटर लांब आहे, तरी तिच्या तिसऱ्या रांगेत माणसे बसली की मागे सामानाला जागा जवळजवळ उरत नाही. अमेरिकेत १९३५ पासून शेवरले सबर्बन नावाची अवाढव्य गाडी निघते. तिचीच आखूड बहीण टाहो. या दोघींच्या लांबीत सुमारे ३८ सेंटीमीटरांचे अंतर आहे. तिसऱ्या रांगेमागे सामानाला जागा राहावी, हाच त्या वाढीव लांबीचा मोठा उपयोग आहे. म्हणजे तेथेही प्रश्न तोच : सगळी माणसे बसल्यावर त्यांच्या पेट्या कोठे ठेवावयाच्या?

रुंदीही विसरू नये. स्कॉर्पिओ एन १९१७ मिलीमीटर रुंद आहे आणि बोलेरो १७४५. आरसे निराळे. जुन्या वाड्याच्या दरवाजापाशी हा पाऊण वितीचा फरक आयुष्यभर सोबत करतो. दोरी घेऊन आधी दरवाजा मोजावा आणि मग दुकानाची पायरी चढावी.

आता थाटाकडे, म्हणजे बेस मॉडेल की टॉप मॉडेल या प्रश्नाकडे, वळू. यादी लांबलचक असते आणि सर्व वस्तू एकाच मापाच्या अक्षरांत छापलेल्या असतात, त्यामुळे सर्वांचे महत्त्व सारखेच वाटते. ही यादी समोर घेऊन तिचे तीन ढीग करावेत.

पहिल्या ढिगात ज्या गोष्टी मागाहून बसविता येत नाहीत आणि ज्यांच्यावर जीव अवलंबून असतो त्या ठेवाव्यात : इंजिनाची शक्ती, ब्रेक, घसरती गाडी सावरणारी यंत्रणा, हवेच्या पिशव्या, प्रत्येक आसनाचा खांद्यावरून येणारा पट्टा, लहान मुलांचे आसन अडकविण्याचे हूक. दुसऱ्या ढिगात बाजारात केव्हाही मिळणाऱ्या वस्तू : आसनांची आवरणे, गाणी वाजविणारे यंत्र, मागचे दृश्य दाखविणारा कॅमेरा. तिसऱ्या ढिगात निव्वळ शोभा : छताची काच, नक्षीचे दिवे, चकचकीत पट्ट्या. पहिल्या ढिगात काटकसर करू नये, दुसऱ्यात घाई करू नये आणि तिसऱ्यासाठी कर्ज काढू नये.

पहिला ढीग किती महत्त्वाचा, याचा दाखला एकाच नावाच्या दोन गाड्यांत मिळतो. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने हवेच्या पिशव्या नसलेली स्कॉर्पिओ आदळून पाहिली, तेव्हा मोठ्या माणसांच्या रक्षणासाठी तिला एकही तारा मिळाला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ एनला त्याच संस्थेच्या कसोटीत पाच तारे मिळाले. मुलांच्या रक्षणासाठी मात्र तीनच. या दोन कसोट्यांच्या मधल्या काळात कायदाही पुढे सरकला. चालकासाठी हवेची पिशवी २०१९ पासून सक्तीची झाली आणि त्याच्या शेजारच्या आसनासाठी ती २०२१ व २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने झाली. बाजूने आणि डोक्याशी उघडणाऱ्या पिशव्या मात्र कित्येक गाड्यांत वरच्या मॉडेलांसाठीच राखून ठेवलेल्या असतात. स्कॉर्पिओ एन २०२२ साली बाजारात आली तेव्हा खालच्या मॉडेलांत दोन पिशव्या होत्या आणि सहा पिशव्या झेड आठ या मॉडेलापासून पुढे होत्या. डिझेल इंजिनही खाली १३२ अश्वशक्तीचे आणि वर १७५ अश्वशक्तीचे, असे दोन प्रकारांत दिले जाई. नाव एक, पत्रा एक, पण आतली गाडी दोन प्रकारची. म्हणून ‘या गाडीला पाच तारे आहेत’ एवढ्यावर समाधान न मानता, ‘मी घेत असलेल्या मॉडेलात नेमके काय आहे’, असे विचारून ते लिहून घ्यावे.

चारही चाकांना शक्ती देणाऱ्या व्यवस्थेविषयी आमच्या भागात फार कुतूहल असते, आणि ते साहजिक आहे. काळी माती पावसात फुगते, चिकटते आणि चाकाच्या खाचा भरून टाकते. परंतु खाचा भरल्या म्हणजे चाक गुळगुळीत होते. मग दोन चाके फिरोत की चार, घसरण ती घसरणच. तेथे टायरची खाच अधिक कामाची. ज्याला खरोखरच रोज शेतवाटेने जावयाचे आहे त्याने ही व्यवस्था जरूर घ्यावी; वर्षातून चार वेळा अडकणाऱ्याने ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याशी संबंध चांगले ठेवावेत. मधली एक वाटही आहे. काही गाड्यांत मागचे एक चाक जागीच गरगरू लागले की दोन्ही चाके एकत्र बांधणारी कळ आपोआप पडते आणि दुसऱ्या चाकाला जोर मिळतो. गाडीला पुढची चाके ओढतात की मागची ढकलतात, हेही विचारावे. मागे माणसे भरली की मागची चाके जमीन धरतात आणि पुढची हलकी होतात. त्यामुळे भरल्या गाडीने चिखलाचा चढ चढताना मागून ढकलणारी गाडी सरस ठरते.

टॉप मॉडेल सर्वच बाबतींत श्रेष्ठ असते, हाही एक भ्रम आहे. त्याची चाके बहुधा मोठी आणि टायर आडव्या अंगाने आखूड असतात. दिसावयास ती रुबाबदार, पण खड्ड्याचा दणका गिळावयास रबर कमी आणि फुटले तर खर्च अधिक. खालच्या मॉडेलाचे जाड टायर आमच्या रस्त्यांवर पुष्कळदा सुखाचे ठरतात. तसेच डिझेलचे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या नियमांमुळे नव्या डिझेल गाडीच्या धुराच्या मार्गात काजळी धरणारी गाळणी असते. ती जळून साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून वेगाने, बराच वेळ पळावी लागते. घर ते शेत आणि शेत ते बाजार एवढीच जिची धाव, तिची गाळणी तुंबते. अशा घराने महिन्यातून दोन-चारदा तरी नांदेडचा किंवा निजामाबादचा लांबचा रस्ता धरावा, अथवा पेट्रोलचा विचार करावा.

सीमेवर राहणाऱ्यांसाठी एक सूचना. नांदेडच्या दुकानात किंमत कमी दिसली म्हणून तेथील नोंदणी करून गाडी मुधोळला आणून ठेवली, तर व्यवहार तेथे संपत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची असल्यास तेथील नोंदणी घ्यावी लागते, आणि त्याबरोबर तेथील करही येतो. तेलंगणात आजीवन कराचे टप्पे किमतीप्रमाणे चढत जातात. मॉडेलाची एक पायरी वर चढताना किंमत पुढच्या टप्प्यात गेली, तर केवळ त्या पायरीवरच नव्हे, सबंध गाडीवर कराचा दर वाढतो. म्हणून दुकानातील किमतीची तुलना न करता गाडी दारात उभी राहीपर्यंतच्या खर्चाची तुलना करावी.

आमच्या स्नेह्यांच्या घरी मी एकच सुचविले. मागील वर्षात गाडी कोठे कोठे गेली आणि तिच्यात किती माणसे होती, हे आठवून लिहून काढा. थोरल्या जावेने दिनदर्शिका उतरविली. तिच्यावर दूध, मजूर, दवाखाना यांच्या नोंदी होत्याच. हिशेब निघाला तो सर्वांनाच नवा होता. बहुतेक फेऱ्यांत चार ते सहा माणसे होती. नऊच्या नऊ माणसे वर्षात पाच वेळा निघाली होती : दोन लग्ने, एक बारसे, एक तेरवी आणि धाकट्या नातीचा बासरला सरस्वतीच्या देवळात झालेला अक्षराभ्यास. पाच दिवसांसाठी भाड्याची गाडी मिळते. त्या पाच दिवसांसाठी वर्षाचे उरलेले दिवस नऊ आसने वाहून नेण्याचे कारण नव्हते.

तरी थोरले बंधू कुरकुरत होते. “मुले काय, मागे आडव्या बाकावर कशीही बसतील,” असे ते म्हणाले. तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेल्या आजी म्हणाल्या, “म्हणजे घरातली सगळ्यांत लहान माणसं सगळ्यांत वाईट जागेवर. असं का रे बाबा?” या प्रश्नावर ओसरीवर कोणी बोलले नाही.

शेवटी ठरले ते असे : सर्व आसने पुढे तोंड असलेली सात आसनी गाडी, सहा हवेच्या पिशव्या असलेले सर्वांत स्वस्त मॉडेल, चारही चाकांची शक्ती नाही, छताची काच नाही. धाकट्याने पडद्याचा हट्ट सोडला, थोरल्याने नऊ आसनांचा. मात्र त्या मॉडेलाला हाती असलेला पैसा अपुरा पडत होता. दोन पिशव्यांचे खालचे मॉडेल दसऱ्याला दारात येऊ शकत होते आणि विक्रेत्याचे निरोपावर निरोप येत होते. घराने मुहूर्त जाऊ दिला. भैंशाच्या बाजारात कापूस विकला गेल्यावर, पाडव्याला गाडी आली. त्या दिवशी मुधोळात अर्ध्या घरांतून गुढी असते आणि अर्ध्या घरांतून उगादीची पच्चडी.

पहिल्या फेरीपूर्वी, मला कळले ते असे, आजींना पायरीवर चढून पाहावयास सांगितले. पायरी उंच वाटली, म्हणून गावच्या लोहाराकडून एक लहान पाट करवून घेतला. मग त्या मधल्या रांगेत बसल्या, नातीने त्यांचा पट्टा लावला आणि स्वतःचाही लावला. गाडी गोदावरीच्या दिशेने निघाली.

मोठी गाडी घेणे हा काही गुन्हा नव्हे, आणि थोडा थाट कोणास आवडत नाही? परंतु क्रम मोडू नये. आपल्या घरात माणसे किती, ती किती वेळा एकत्र निघतात, त्यांतले सर्वांत म्हातारे कोठे बसणार आणि सर्वांत लहान कोठे, हे प्रथम ठरवावे. त्यानंतर त्यांच्या रक्षणाचे लोखंड विकत घ्यावे. एवढे करून पैसे उरलेच, तर घुंगरांची माळ खुशाल घ्यावी.